गच्चीवरचं बार्बेक्यू, फार ताप न घेता
परवा गच्चीवर बार्बेक्यू केलं, आम्ही बाराजण, आणि यावेळी ठरवलंच होतं की चिकन, पनीर आणि कणसं, बास. मागच्या वेळी मी आठ प्रकार मॅरिनेट केले आणि अख्खी संध्याकाळ शेगडीपाशी घाम पुसत उभी, गप्पा मारल्या बाकीच्यांनी! चिकनला सकाळीच दही, आलं-लसूण, तिखट लावून फ्रीजमध्ये टाकलं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात, नाहीतर जळतात. आणि कोळसा पेटला की लगेच घाई नको हो, २०-२५ मिनिटं थांबायचं, वर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवायची, ज्वाळेवर बाहेरून काळं नि आतून कच्चं राहतं. पोळ्या-बिळ्या नाहीत, सरळ लादीपाव. कणसं सासऱ्यांकडे दिली, पुठ्ठ्याने वारा घालत बसले मस्त, कुणाला हात लावू देईनात.