रोवनची फांदी: बर्फ बसला, आणि पांढराच राहिला

मंडळी, आधी बातमी. फांदी अजून पांढरी आहे. मालवणात, भर आषाढात, खिडकी उघडी ठेवून. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी झालंय, चपलांना बुरशी आलीय आणि टेबलावर माझ्या मॉडेलची रोवनची फांदी खोट्या बर्फाने लगडून उभी आहे. गेले काही महिने इथे खोटा बर्फ टिकत नाही ही नुसती रड वाचलीत, म्हणून आज जरा मिरवतो.

नव्यांसाठी एका ओळीत: १:१२ स्केलचं मॉडेल (खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढं), कोवळा रोवन (सॉर्बस ऑक्युपारिया, थंड प्रदेशातलं लाल फळांच्या घोसांचं झाड), पानं गळालेली, घोस तसेच, वर ताजा बर्फ. चार मीटरचं झाड म्हणजे आपल्याकडे ३३ सेंटीमीटर. सांगाडा जळक्या मोटरच्या वाइंडिंगच्या तारेचा. ती गॅरेजात किलोवर मिळते आणि हॉबी दुकानातल्या तारेपेक्षा मऊ असते. वीसेक पदर पिळायचे, वर जाताना एकेक सोडत जायचं.

घोस मार्गी लागले, ते पटकन सांगतो. खरं फळ ६ ते ९ मिलिमीटरचं. नाचणी घेतली तर स्केलमध्ये ते १८ मिलिमीटरचं, म्हणजे जांभूळच होतं. खसखस किंचित मोठी पडते, पण डोळा मान्य करतो. आधी खसखशीला लॅकर पाजायचं, नाहीतर मुंग्या रातोरात घोस उतरवून नेतात. रंग लालभडक नको. थंडी खाल्लेलं फळ सुरकुततं, काळपटतं. लालात चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), आणि चमक फक्त वरच्या एका बाजूला. एक घोस तर इतका जमलाय की त्याच्यावर बर्फ टाकायला हात धजत नव्हता.

आता मूळ दुखणं.

खोट्या बर्फासाठी खायचा सोडा आणि पीव्हीए (पांढरा गोंद) ही सगळ्या व्हिडिओंतली लाडकी जोडी. कोरड्या हवेत चालत असेल. इथे पहिल्या पावसातच त्याचा रंग जुन्या दातांसारखा झाला. मिठाचा विचारच नको. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ७५ ही कोरडी दुपार. रांगोळी ओल्या गोंदात करडी दिसते. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘मॉडेल स्नो’ म्हणून पाठवलेली पुडी निघाली सोडियम पॉलिअॅक्रिलेटची, म्हणजे लहान मुलांच्या डायपरात असतं ते. पाणी शोषून फुगणं हेच त्याचं काम. सकाळी फांदीवर साबुदाण्याची खीर. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा.’ बरं.

पीव्हीएला बुरशीही धरते. त्यावर बेकरीच्या सामानाच्या दुकानातून पोटॅशियम सॉर्बेट आणलं. गंमत बघा, सॉर्बिक आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८५९ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनतज्ज्ञाने, आणि काढलं रोवनच्याच फळांतून. म्हणजे ज्या झाडाचं मॉडेल, त्याच्याच औषधाने मॉडेलची बुरशी जाणार! पण ते काम करतं आंबट माध्यमात. सोडा किंवा संगमरवराची भुकटी शेजारी असली की ते नुसतंच पडून राहतं. चांगली गोष्ट होती, उपयोग शून्य.

मग काचेचे पोकळ मणी, मायक्रोबलून. पाणी पीत नाहीत, पिवळे पडत नाहीत. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक काका ते रेझिनमध्ये मिसळून भेगा भरतात. त्यांच्याकडे डबा घेऊन गेलो.

“तुका ह्यां पीठ कित्याक होया?”

“बरफ करूक, काका.”

“बरफ होयो तर जेटीर जा. लादीच गावतली.”

दिलं मात्र डबाभर, आणि पैसे घेतले नाहीत. (मास्क लावा. हे मणी इतके हलके असतात की फुंकर मारली तरी छतापर्यंत जातात. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणजे वरून घामाचे थेंब. कागद आडवा धरून काम करायला शिकलोय.)

भुकटी बरोबर मिळाली तरी चिकटवायची कशी, हे उरलंच. बर्फ फांदीच्या वर बसतो, खाली नाही. अॅक्रिलिक मीडियम इथे तासन् तास वाळत नाही, तोवर ओघळून फांदीच्या पोटाशी जमा होतं, आणि गाळणीने भुरभुरवलेली भुकटी नेमकी तिथे चिकटते. बर्फ राहिला बाजूला, फांदीला पांढरा बुरा आल्यासारखं दिसतं. शिवाय जाडी येत नाही. गोठणबिंदूच्या आसपास पडणारा बर्फ ओलसर असतो, कण एकमेकांना धरतात, म्हणून बोटाएवढ्या फांदीवर तिच्या दुप्पट-तिप्पट उंच भिंत उभी राहते. हिमाचलात नारकंड्याला हे डोळ्यांनी पाहिलंय. नुसत्या भुकटीने ती भिंत होत नाही.

उपाय सापडला वहिनीच्या पार्लरमध्ये. यूव्ही रेझिन हवेवर वाळत नाही, प्रकाशाने घट्ट होतं, मग बाहेर कितीही ओल असो. त्यासाठी तिचा यूव्ही नेल लॅम्प मागितला तर म्हणाली, “भावोजी, नखं कोणाची करताय?” फांदीची, म्हटलं.

रेझिनमध्ये मणी कालवून श्रीखंडाइतकं दाट केलं आणि बारीक ब्रशने फांदीच्या फक्त माथ्यावर कणा घातला. जाड थर देऊ नका. मणी प्रकाश विखुरतात, तो आत पोचत नाही आणि पोटात कच्चं राहतं. पातळ थर, लॅम्प, पुन्हा थर. उंची अशीच चढवायची.

आणि इथे खरी मजा. लॅम्पखालून काढलं की पृष्ठभाग चिकट राहतो. हवेतला ऑक्सिजन वरच्या कातडीला पक्कं होऊ देत नाही. दागिने करणारे या चिकटपणाला शिव्या देतात, अल्कोहोलने पुसून काढतात. आपण पुसायचं नाही! त्याच्यावरच कोरडे मणी गाळायचे. हलके झटकले की जिथे कणा आहे तिथेच राहतात, खालची साल स्वच्छ. मग पुन्हा लॅम्प. कडा मऊ, वरून मखमली, आणि ओघळ नावाला नाही. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा वहिनीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “लॅम्प पुसून द्या.”

रेझिन पुढेमागे किंचित पिवळं पडेलच. म्हणून तळच्या थरात टोकभर नीळ घातलीय. पुडीतली, बाटलीतली नव्हे. पुडीतली म्हणजे अल्ट्रामरीन, निळं रंगद्रव्य. पिवळेपणा मारते, आणि बर्फाची सावली तशीही निळसरच असते, कारण तिच्यावर उजेड पडतो तो आकाशाचा. ट्यूबलाइटखाली ठरवू नका, हिरवट दिसतं. दुपारी ओटीवर नेऊन बघा.

घोसांवर मात्र टोपी छोटी ठेवा. मधून लाल डोकावलं पाहिजे, नाहीतर खसखस वाया.

ठरवलं होतं की आता उरलेलं झाड अशाच पद्धतीने पुरं करायचं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, रोवन या एका फांदीवरच थांबवावा आणि हिमाचलातल्या स्पितीचा छरमा (सी-बकथॉर्न, काटेरी झुडूप) घ्यावा. त्याची नारिंगी फळं थेट खोडाला बिलगून असतात, घोसांची कटकट नाही, आणि हिवाळाभर झुडपावर टिकतात. तिथला बर्फ कोरडा, भुरभुरीत. कणा जवळजवळ नको, चिकट कातडीवर गाळलं की झालं. काटे मात्र लागतील. बाभळीचे स्केलला फारच जाड पडतात. करवंदीचे कोवळे बघतो, नाहीतर तारच घासून टोकदार करीन.

कोणाकडे हिवाळ्यातल्या छरम्याचा अगदी जवळून काढलेला फोटो असेल तर टाका. फळं काट्याच्या बुडाशी दाटतात की काट्यावरही येतात, एवढं कळलं की उद्याच तार कापायला घेतो.