टास्क ‘यशस्वी’, मेल मात्र एकही नाही

एक्सेलमधून मेल पाठवणारा मॅक्रो (एक्सेलच्या आतच लिहिलेला छोटा प्रोग्राम) कसा लिहायचा, ते मी इथे सांगत बसणार नाही. त्याचे नमुने ढिगाने मिळतात आणि ते काम सोपंच आहे. एका शीटमध्ये ग्राहकाचं नाव, ईमेल पत्ता, बिलाची रक्कम आणि मुदत. मॅक्रो एकेक ओळ वाचत खाली जातो, मुदत उलटलेली दिसली की आउटलुक या मेलच्या प्रोग्रामकडून नवा मेल तयार करून घेतो, त्यात नाव आणि रक्कम भरतो आणि पाठवून देतो. बटण दाबलं की सगळी स्मरणपत्रं रवाना. माझं हे एका बैठकीत झालं.

भानगड सुरू झाली ती बटण दाबणारा माणूसच काढून टाकायचं ठरवल्यावर. रोज सकाळी सातला, कार्यालयात कोणी पोचायच्या आत, हे आपोआप व्हायला हवं होतं. विंडोजमध्ये त्यासाठी टास्क शेड्युलर असतो, ठरलेल्या वेळी ठरलेलं काम, म्हणजे टास्क, आपणहून सुरू करणारा. व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या भाषेत चार-पाच ओळींची स्क्रिप्ट लिहायची, ती एक्सेल उघडते, वर्कबुक उघडते, मॅक्रो चालवते आणि सगळं बंद करते. टास्कमध्ये वेळ द्यायची, स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, झालं. हाताने ‘रन’ केलं तर मेल जात होते. मी खूश.

मग तो पर्याय आला. टास्कच्या पहिल्याच पानावर दोन गोल असतात: ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ आणि ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’. सकाळी सातला तिथे कोण लॉग-इन असणार? त्यामुळे दुसरा निवडला, पासवर्ड दिला आणि घरी गेलो. कोणीही हेच करेल. त्या पानावर धोक्याची सूचना म्हणून एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात लिहिलेलं: काम यशस्वीपणे पूर्ण झालं, ०एक्स०. सेंट फोल्डर मात्र रिकामा. आउटबॉक्सही रिकामा. संगणक विभागाला फोन केला तर तिकडून उत्तर, ‘सर, तुमचं टास्क सक्सेसफुल दाखवतंय. मेलचं मग आम्ही काय बघणार?’ पुढच्या खेपेलाही तेच उत्तर, फक्त ‘सर’ जरा जोरात. त्या ०एक्स० चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून त्याचा अर्थ आधी नीट सांगतो.

टास्क शेड्युलरला मेल कळत नाही, मॅक्रोही कळत नाही. तो एक प्रोग्राम सुरू करतो आणि तो प्रोग्राम संपताना जो आकडा मागे ठेवतो तो रकान्यात लिहितो. शून्य म्हणजे स्क्रिप्ट तक्रार न करता संपली, एवढंच. आता या स्क्रिप्टचे जे नमुने फिरत असतात, त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत वरच ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिलेलं असतं. म्हणजे चूक आली तर गिळ आणि पुढे चल. आउटलुक उघडलंच नाही? गिळ. मॅक्रो सापडला नाही? गिळ. शेवटी स्क्रिप्ट शांतपणे संपते, शून्य ठेवते, आणि शेड्युलर ते शून्य यश म्हणून मिरवतो. ही ओळ काढून टाका. त्याशिवाय तुम्हाला खरं काय ते कधीच कळणार नाही.

मी ती काढली. मग यशाऐवजी दुसरंच सुरू झालं. टास्क ‘रनिंग’ दाखवायचं, रकान्यात ०एक्स४१३०१, म्हणजे ‘अजून चालू आहे’. दुपारी बघा, चालूच. संध्याकाळी बघा, चालूच. दुसऱ्या सकाळी सातला ते पुन्हा सुरूच झालं नाही, कारण शेड्युलरची मूळ सेटिंग अशी असते की आधीचं चालू असेल तर नवं सुरू करायचं नाही. लांबलेलं टास्क आपणहून थांबवायची मुदतही मूळ सेटिंगमध्ये तीन दिवसांची. ती आधी एका तासावर आणा. त्यातही एक गोम आहे. टास्क थांबवलं की स्क्रिप्ट मरते, पण तिने उघडलेलं एक्सेल मरत नाही. ते विंडोजने वेगळं सुरू केलेलं असतं, स्क्रिप्टच्या पोटातलं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये ते न दिसणारं एक्सेल तसंच पडून राहतं आणि तुमची फाइल धरून बसतं. मग दुसऱ्या खेपेला फाइल उघडताना ‘ही फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे’ असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं.

खरा रोग हाच: प्रश्न विचारला जातोय आणि समोर कोणी नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून सर्व्हिसेस आणि ‘कोणी लॉग-इन असो वा नसो’ या प्रकारातली टास्कं एका वेगळ्या सेशनमध्ये, म्हणजे लॉग-इन केलेल्या माणसापासून तोडलेल्या कप्प्यात चालतात, सेशन झीरो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्या सेशनला तुमचा पडदा नाही, माऊस नाही. तिथे एक्सेलने ‘लिंक अपडेट करू का?’ म्हणून विचारलं, तर तो डायलॉग बॉक्स बंद खोलीत वाजणाऱ्या फोनसारखा वाजत राहतो. आपण बाहेर बसून ‘रनिंग’ वाचत राहायचं.

एक्सेलला गप्प करता येतं. मॅक्रोत ‘डिस्प्ले अलर्ट्स’ (सूचना दाखवणं) फॉल्स, म्हणजे बंद करायचं, वर्कबुक उघडताना लिंक अपडेटसाठी शून्य द्यायचं, फाइल वाचण्यापुरतीच उघडायची. मॅक्रोत कुठे ‘मेसेज बॉक्स’ असेल तर तो उडवायचा. ‘पाठवून झाले!’ असं कौतुकाने सांगणारा एक मेसेज बॉक्स जवळपास प्रत्येक मॅक्रोच्या शेवटी असतो, आणि तोच सकाळी सातला सगळं अडवून धरतो. विंडोजमध्ये स्क्रिप्ट चालवणारे दोन प्रोग्राम आहेत, त्यांतल्या ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ऐवजी ‘सीस्क्रिप्ट’ने ती चालवायची, म्हणजे तिच्या चुका खिडकी उघडून बसत नाहीत.

आउटलुक मात्र गप्प बसेना. नेमकं कुठे अडतंय ते कळावं म्हणून मी मॅक्रोत प्रत्येक पायरीनंतर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेळेसह एक ओळ लिहायला लावली: एक्सेल उघडलं, फाइल उघडली, यादी वाचली, आउटलुक मागतोय. शेवटची ओळ कायम हीच. ‘आउटलुक मिळालं’ ही ओळ कधी आलीच नाही. (ही नोंदवही पहिल्याच दिवशी ठेवा. टास्क शेड्युलरची स्वतःची ‘हिस्टरी’ मुळात बंद असते. उजवीकडच्या ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ने ती चालू करावी लागते. आणि चालू केल्यावरही ती तुमच्या मॅक्रोच्या आतलं काही सांगत नाही.)

आउटलुकचं असं आहे की एका वापरकर्त्यासाठी त्याची एकच प्रत चालते. तुमच्या पडद्यावर ते उघडं असेल आणि टास्क दुसऱ्या सेशनमधून त्याला हाक मारत असेल, तर हाक पोचत नाही. ४२९ नंबरची एरर येते, ‘ॲक्टिव्हएक्स कॉम्पोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’. कोणी उघडलेलंच नसेल, तर ते सेशन झीरोत उठायचा प्रयत्न करतं आणि प्रोफाइल, पासवर्ड असलं काहीतरी विचारत त्याच बंद खोलीत अडकतं. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण करा. करू नका. आउटलुक साध्या अधिकाराने चालू आणि स्क्रिप्ट वरच्या अधिकाराने, अशी जोडी झाली की दोघांची गाठ पडत नाही आणि पुन्हा तेच ४२९. दुसरा सल्ला सिस्टीम प्रोफाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टीम’ खात्याच्या फोल्डरमध्ये, ‘डेस्कटॉप’ नावाचा रिकामा फोल्डर करण्याचा. ऐकायला तोडगा जादूटोण्यासारखा वाटतो, पण टास्क सिस्टीम अकाउंटने चालवत असाल आणि एक्सेल फाइल उघडायलाच तयार नसेल, तर तो लागू पडतो. आउटलुकचं दुखणं त्याने जात नाही.

आणि या सगळ्यानंतर वाचायला मिळतं ते ऑफिस बनवणाऱ्या कंपनीचंच जुनं निवेदन: ऑफिसचे प्रोग्राम समोर माणूस आहे असं धरून बनवलेले आहेत, माणसाविना ते चालवण्याची आम्ही शिफारस करत नाही. छान. मग हे त्या दोन गोलांच्या शेजारी एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

वाट दोनच उरतात. पहिली, पहिला गोल निवडायचा आणि त्या मशीनवर कायम लॉग-इन राहायचं. पडदा लॉक केला तरी चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. लॉक आणि लॉग-ऑफ या वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक असताना आउटलुक तुमच्याच सेशनमध्ये जिवंत असतं आणि मेल बिनबोभाट जातात. मी काही काळ असंच चालवलं. पण रात्री विंडोज अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं, की लॉग-इन गेलं आणि सकाळचे मेलही गेले, म्हणजे गेलेच नाहीत.

म्हणून दुसरी वाट: आउटलुकलाच रजा. विंडोजमध्ये ‘सीडीओ’ नावाची जुनी मेलची सोय आहे, मॅक्रोतून थेट मेल सर्व्हरशी बोलणारी. सर्व्हरचं नाव, पोर्ट (सर्व्हरच्या कोणत्या दारातून आत जायचं तो क्रमांक), वापरकर्ता, पासवर्ड एवढं भरलं की आउटलुकची गरज नाही. ५८७ पोर्टवर माझं अडलं, ४६५ वर लगेच चालू झालं. ज्या सकाळी कोणीही लॉग-इन नसताना नोंदवहीत सगळ्या ओळी एकाखाली एक उमटल्या, त्या सकाळी मी संगणक विभागाला मुद्दाम फोन करून सांगितलं की आता ते खरंच सक्सेसफुल आहे.

जीमेलवरून पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. मे २०२२ अखेर ती सोय बंद झाली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो मॅक्रोत उघडा लिहू नका. व्हीबीए प्रोजेक्टला, म्हणजे मॅक्रोच्या कोडला, लावलेलं कुलूप नावापुरतंच असतं. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल फक्त टास्कच्या अकाउंटलाच वाचता येईल असं करा. कार्यालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर आतल्या एका ठरावीक मशीनकडून पासवर्डशिवाय मेल घ्यायची परवानगी मिळते का, ते विचारा. ते सगळ्यांत सुटसुटीत.

हे मात्र अगदी सुरुवातीला सांगायला हवं होतं: चाचणी करताना यादीतले सगळे पत्ते बदलून तिथे स्वतःचा पत्ता टाका. आउटलुक वापरत असाल तर ‘सेंड’च्या जागी ‘डिस्प्ले’ लिहा, मेल नुसते उघडतील. आणि कोणाला मेल गेला ते त्याच क्षणी नोंदवहीत लिहा, शेवटी एकदम नको. मध्येच काही कोसळलं तर दुसऱ्या खेपेला अर्ध्या ग्राहकांना तेच स्मरणपत्र पुन्हा जातं, आणि पैसे भरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘मुदत उलटली’ म्हटलं की तो काय बोलतो ते ऐकण्यासारखं नसतं.

नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर, ‘झेड’ वगैरे, टास्कला दिसत नाही. सर्व्हरच्या नावापासून पूर्ण पत्ता द्या. ‘स्टार्ट इन’ ही चौकट ऐच्छिक म्हटली आहे, पण रिकामी ठेवली तर स्क्रिप्ट सिस्टीम३२ फोल्डरमध्ये सुरू होते आणि तुमची नोंदवही तिथे लिहायला जाते. तिथे फोल्डरचा पत्ता भरा, अवतरणचिन्हांशिवाय. लॅपटॉपवर चालवणार असाल तर ‘फक्त वीजजोडणी असताना’ ही खूण काढा, ती आधीपासून केलेली असते. आणि खात्याचा पासवर्ड बदलला की टास्कमध्येही बदला, नाहीतर ०एक्स८००७०५२ई येतो. निदान हा आकडा तरी खरं बोलतो.

मॅक्रो आता रोज शेवटचा मेल मलाच पाठवतो: इतके गेले, इतके अडले. दोन्ही शून्य असले तरी पाठवतो. सव्वासातपर्यंत तो आला नाही तर मी शेड्युलरकडे बघतही नाही, थेट नोंदवही उघडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघून घ्या. विंडोजचं नवं आउटलुक मॅक्रोच्या हाकेला ओ देत नाही, त्यामुळे जुने नमुने त्यावर चालणार नाहीत. आणि व्हीबीस्क्रिप्ट २०२३ मध्येच निवृत्तीच्या यादीत गेली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ती ऐच्छिक घटक आहे, तूर्त चालू स्थितीत. एक्सेल उघडणाऱ्या त्या चार-पाच ओळी पॉवरशेल या विंडोजच्या नव्या स्क्रिप्ट-भाषेतही तेवढ्याच होतात, मॅक्रोला हात लावावा लागत नाही. माझ्याकडची स्क्रिप्ट अजून जुनीच आहे, चालतेय तोवर तिला कोण हलवणार.