गच्चीवरचं सूर्यफूल आणि त्याच्या दाण्यांची चटणी: माझा अनुभव

सोलापुरात सूर्यफूल ऑक्टोबरात टोकलेलं बरं. एप्रिल-मेच्या उन्हात फुलोरा सापडला की दाणे पोचे राहतात.

चौदा इंची कुंडीत मी एकच रोप ठेवते. नुसती काळी माती भरू नका, पावसात चिखल आणि उन्हात भेगा. निम्मी काळी माती, बाकी वाळू आणि कुजलेलं शेणखत समसमान. बी रात्रभर भिजवून तीन सेंटिमीटर खोल, कुंडीत दोन टोकायचं. उगवल्यावर दुबळं रोप कात्रीने कापायचं. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटातलं बी औषध चोळलेलं असतं, उरलेलं चुकूनही खाऊ नका.

फूल मोठं आलं म्हणून दाणा भरतोच असं नाही. गच्चीवर मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून परागीभवन हाताने करते. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान हाताला मऊ सुती कापड गुंडाळून एका फुलावरून हलकेच फिरवायचं, मग दुसऱ्यावरून. फूल कडेकडून मध्याकडे उमलत जातं, त्यामुळे एकदा करून भागत नाही. दिवसाआड चार-पाच वेळा करावं लागतं. त्यासाठी पाच-सहा रोपं एकाच दिवशी लावलेली हवीत. कळी धरल्यापासून दाणा भरेपर्यंत पाणी तुटू देऊ नका.

पाकळ्या झडल्या की फुलावर जुनी ओढणी बांधायची, नाहीतर पोपट एक दाणा ठेवत नाहीत. फुलाची मागची बाजू पिवळी पडून तपकिरी व्हायला लागली की कापून, आठवडाभर वाळवून झोडपायचं. सोलायला मिक्सर दोन-तीन वेळा क्षणभरच फिरवायचा आणि सुपात पाखडायचं. जास्त फिरवलं तर दाण्यांचा चुरा टरफलात मिसळतो.

एक वाटी सोललेले दाणे मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. रंग बदलायला लागताच उतरवा, तापल्या कढईत ठेवले तर करपून कडू होतात. गार झाल्यावर आठ लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून शेंगाचटणीसारखं खलबत्त्यात कुटा, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये ती पीठ होते किंवा गोळा, कडक भाकरीवर ती मजा येत नाही. दाणे लवकर खवट होतात, म्हणून पंधरा दिवसांपुरतीच करते.

हेच दाणे खायचा सोडा घातलेल्या केकमध्ये टाकले तर आतून हिरवे दिसतात. ती बुरशी नाही, दाण्यातल्या घटकाची सोड्याशी होणारी क्रिया आहे. सोडा कमी करून थोडा लिंबाचा रस घातला की रंग कमी येतो.