तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींचा सामना बघायला येतं कोण?

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बांधते. त्यामुळे हा प्रश्न मला पालकसभेत, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. "टीचर, मुलींचा सामना बघायला माणसं येत नाहीत. टीव्हीवाले येत नाहीत, तिकीट खपत नाही. मग पुरुषांएवढे पैसे द्यायचे कुठून? आणि खेळाडूंनी खेळावं, हे मोर्चे नि कोर्टकचेऱ्या कशाला?" विचारणारी माणसं बहुतेक भली असतात, फुटबॉलवर मनापासून प्रेम करणारी असतात. तेव्हा दोन वाक्यांत बोळवण करत नाही, जरा सविस्तर सांगते.

आधी क्लब आणि देश यांची गल्लत थांबवूया. एखादा क्लब आपल्या स्ट्रायकरला किती मोजतो हा त्याच्या गल्ल्याचा प्रश्न आहे. महिलांच्या क्लबाने पुरुषांच्या क्लबाएवढाच पगार द्यावा, अशी मागणी पैशांसाठी कोर्टात गेलेल्या अमेरिकेच्या महिला खेळाडूंनी केली नव्हती. त्यांचं भांडण होतं देशाच्या फुटबॉल महासंघाशी. देश तोच, झेंडा तोच, जर्सीवरचं चिन्ह तेच, आणि मानधनाचे कागद मात्र दोन. महासंघ हा काही नफ्यासाठी काढलेला धंदा नसतो. देशातला सगळा फुटबॉल सांभाळण्यासाठी तो असतो, आणि त्या सगळ्यात मुली येतात.

2016 च्या मार्चमध्ये कार्ली लॉईड, ॲलेक्स मॉर्गन, मेगन रॅपिनो, बेकी सॉअरब्रन आणि होप सोलो या राष्ट्रीय संघातल्या पाच जणींनी अमेरिकेतल्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली. त्यातून काही निघेना, म्हणून 8 मार्च 2019 रोजी, महिला दिनालाच, 28 खेळाडू महासंघाविरुद्ध कोर्टात गेल्या. चार महिन्यांनी त्याच संघाने फ्रान्समध्ये लिओंला नेदरलँड्सला 2-0 हरवून चौथ्यांदा विश्वचषक जिंकला. तेव्हा स्टेडियममधून घोषणा आली ती "इक्वल पे, इक्वल पे" अशी. बघायला माणसं आली होती आणि ती हे म्हणत होती.

पुढे 2020 च्या मे महिन्यात कोर्टाने मानधनाचा दावा फेटाळला. माझ्याशी वाद घालणारे हा निकाल हटकून पुढे करतात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. अमेरिकेच्या पुरुष खेळाडूंना ठरावीक पगार नव्हता. संघात निवड झाली, सामना खेळला, जिंकला, तर त्या हिशेबाने पैसे. महिलांनी आपल्या करारात ठरावीक पगार आणि विम्यासारख्या सोयी घेतल्या होत्या, कारण त्यांना दुसरा आधार नव्हता. न्यायाधीश म्हणाले, करार तुम्हीच मान्य केलात, आणि बेरीज केली तर या काळात तुम्हालाच जास्त मिळालेलं दिसतं.

जास्त भरलं, हे खरं. पण का भरलं? त्या काळात महिलांचा संघ विश्वविजेता होता आणि पुरुषांचा संघ 2018 च्या विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरला नव्हता. शेतात दुप्पट राबून एखाद्या बाईची महिन्याची मजुरी गड्याएवढी भरली, म्हणून दोघांचा रोज सारखा ठरत नाही. खेळाडूंचं म्हणणं एवढंच होतं: हेच सामने, हेच विजय पुरुषांच्या दराने मोजा आणि मग बेरीज करा.

आणि उत्पन्नाचं म्हणाल, तर 2016 ते 2018 या तीन वर्षांत महिलांच्या सामन्यांतून महासंघाला 5.08 कोटी डॉलर मिळाले, पुरुषांच्या सामन्यांतून 4.99 कोटी. महासंघाच्याच ताळेबंदातले आकडे आहेत हे. म्हणजे "तिकीट खपत नाही" हा मुद्दा तिथे लागूच होत नव्हता. तरीही कोर्टात महासंघाच्या वकिलांनी लिहून दिलं की पुरुषांच्या कामाला कौशल्य जास्त लागतं, जबाबदारी जास्त असते. ते वाचून खेळाडूंनी जपानविरुद्धच्या सामन्याआधी सरावाच्या जर्सी उलट्या घातल्या. महासंघाचं चिन्ह आत गेलं आणि चार विश्वचषकांचे चार तारे तेवढे बाहेर दिसत राहिले. दुसऱ्याच दिवशी महासंघाचे अध्यक्ष कार्लोस कॉर्डेरो यांनी राजीनामा दिला. मला विचाराल तर कोर्टाच्या सगळ्या कागदांपेक्षा त्या उलट्या जर्सींनी जास्त काम केलं.

2022 च्या फेब्रुवारीत 2.4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. मे महिन्यात पुरुष आणि महिला, दोन्ही संघांच्या संघटनांनी 2028 पर्यंतचे करार मान्य केले. दर सारखा, आणि दोन्ही विश्वचषकांची बक्षिसं एकत्र करून वाटून घ्यायची. त्याच वर्षाअखेर कतारमध्ये पुरुषांचा संघ शेवटच्या सोळांत पोचला, 1.3 कोटी डॉलर मिळाले, आणि ते ठरल्याप्रमाणे वाटले गेले. पुरुष खेळाडूंनी यावर सही केली होती, हे मी माझ्या शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगते. नॉर्वेत तर त्याआधीच, 2017 मध्ये, पुरुषांनी आपल्या वाट्यातले साडेपाच लाख क्रोनर महिलांच्या संघाकडे वळवले आणि मानधन सारखं करून टाकलं.

एकत्र वाटायची वेळ येते, कारण वरून येणारी रक्कमच विषम असते. 2018 चा विश्वचषक जिंकल्याबद्दल फ्रान्सच्या पुरुषांना फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, 3.8 कोटी डॉलर दिले. 2019 मध्ये अमेरिकेच्या महिलांना 40 लाख. 2023 मध्ये महिलांच्या स्पर्धेची एकूण बक्षिसं 11 कोटी डॉलरवर गेली, पण आदल्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धेची 44 कोटी होती. हे आकडे फिफाच्या बैठकीत ठरतात. माणसांनी ठरवलेली गोष्ट माणसं बदलू शकतात.

आता "बघायला येतं कोण" या मूळ प्रश्नाकडे येते. 26 डिसेंबर 1920 रोजी इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर, डिक कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला 53,000 माणसं आली होती. कित्येकांना आत जागा मिळाली नाही. त्यानंतर वर्षभरातच, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत मुलींना फुटबॉल कायद्यानेच बंद होता. भरलेलं मैदान ठरावाने रिकामं केलं, दोन-तीन पिढ्या जाऊ दिल्या, आणि मग विचारलं की बघायला येतं कोण! हा प्रश्न ऐकला की माझा जीव तुटतो तो यासाठी.

आपल्याकडे अशी बंदी नव्हती. 1980 साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला अंतिम फेरीत पोचल्या होत्या, 1983 मध्ये पुन्हा पोचल्या. गोव्याची योलांडा डिसोझा त्या पिढीतली खेळाडू. पुढे भारताच्या महिला संघाची पहिली महिला मुख्य प्रशिक्षक झाली तीही गोव्याचीच, मेमोल रॉकी. फुटबॉल हा आपला राज्य खेळ आहे. पण राज्य खेळाच्या राज्यात गावागावांतून काय चालतं, ते मी जवळून बघते.

भात कापून झालं, मळे सुकले की स्पर्धा सुरू होतात. अशाच एका स्पर्धेच्या अंतिम दिवशी आमच्या मुलींना "प्रदर्शनीय सामन्या"साठी बोलावलं होतं. बॅनरवर पुरुषांच्या विजेत्यांचं आणि उपविजेत्यांचं रोख बक्षीस ठळक अक्षरांत, खाली प्रायोजकांचे फोटो. मुलींचा उल्लेख शेवटच्या ओळीत. सामना दुपारच्या उन्हात, पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी मैदानावर दुसरा खेळ नसतो तेव्हा. सामना ठरल्यापेक्षा लवकर संपवला, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती. दोघींनी ओढण्या ताणून धरल्या आणि बाकीच्यांनी मंडपामागे जर्सी चढवल्या. नंतर प्रत्येकीला एक स्टीलचा डबा मिळाला.

तो डबा घेऊन आमची गोलरक्षक माझ्याजवळ आली. सातेरीच्या देवळामागे राहणारी, आईला मासळी विकायला मदत करून सरावाला येणारी मुलगी. म्हणाली, "टीचर, रेफ्रीक पयशे मेळ्ळे?" मिळाले होते. मंडपवाल्याला मिळाले, लाऊडस्पीकरवाल्याला मिळाले, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्यालाही मिळाले. त्या दिवशी त्या मळ्यात फुकट राबल्या त्या फक्त आमच्या मुली, आणि त्यांना बघायला बांधावर भरपूर माणसं होती.

समान मानधनाची गोष्ट आमच्याकडे इथे, या पायरीवर आहे. लाखांची बात पुढची. आधी बसभाडं, कपडे बदलायला खोली, पूर्ण वेळ खेळवलेला सामना, आणि बॅनरवर एक रोख आकडा.

"राजकारण कशाला" म्हणणाऱ्यांना मी 2022 चा ऑगस्ट आठवायला सांगते. आपल्या महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारताला निलंबित केलं. निवडणुका लांबवल्या कोणी, खुर्च्या अडवल्या कोणी? सगळे पुरुष पदाधिकारी. पण आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरलेल्या गोकुलम केरळच्या महिलांना एकही सामना न खेळता परतावं लागलं. त्यांनी राजकारणापासून लांब राहायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं? दहा-अकरा दिवसांनी निलंबन उठलं, तोवर त्यांची स्पर्धा गेली होती.

निलंबन उठलं म्हणून ऑक्टोबरात 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि दोन्ही उपांत्य सामने आपल्या गोव्यात, फातोर्ड्याला झाले. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा आमच्या मुली स्टेडियममध्ये होत्या. त्या कोलंबियाच्या संघात लिंडा कायसेडो होती. काही महिन्यांत ती रियाल माद्रिदला गेली. आता यातला मधला दुवा सांगते. 2019 मध्ये कोलंबियाच्या थोरल्या खेळाडू कॅमेऱ्यासमोर येऊन बोलल्या होत्या, आम्हाला पैसे मिळत नाहीत, वागणूक धड नाही. संघातून नाव कटेल हे ठाऊक असून बोलल्या. त्यांच्या पाठची ही पोर फातोर्ड्याला इतकी मोकळी खेळली, आणि माझ्या मुलींनी ते याचि डोळा पाहिलं.

क्रिकेटचं उदाहरण लोक देतात, ते थोडक्यात उरकते. 2022 च्या ऑक्टोबरात बीसीसीआयने सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. फार चांगलं केलं. पण 2024-25 च्या वार्षिक करारात पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी 7 कोटींची होती आणि महिलांची 50 लाखांची. काम अर्धं झालंय.

आणि पालकांचा खरा प्रश्न वेगळाच असतो, तो शेवटी हळूच येतो: "टीचर, यातून पोरीचं पोट भरेल?" आजवर भारतात महिला फुटबॉलपटूंचं पोट बऱ्याच अंशी रेल्वे, पोलीस, सशस्त्र सीमा बल यांच्या नोकऱ्यांनी भरलं. 2023 मध्ये महासंघाने ठरवलं की इंडियन वुमेन्स लीगमधल्या क्लबाने निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचा करार द्यावा. महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत. थोडे आहेत, पण किमान आकडा कागदावर आला. स्पेनमध्ये त्याच वर्षी महिलांनी विश्वचषक जिंकला, आणि महिना उलटायच्या आत तिथल्या लीगच्या खेळाडू किमान पगारासाठी संपावर गेल्या. वर्षाला 16,000 युरोंचा आकडा 21,000 वर आला तेव्हाच मैदानात उतरल्या. किमान आकडा असल्याशिवाय तो वाढवून मागता येत नाही. म्हणून मी पालकांना सांगते की पोट भरेलच अशी हमी मी देऊ शकत नाही, पण तिला करार वाचायला मी शिकवीन.

यंदा आम्ही आमच्या भागातल्या स्पर्धा कमिटीला अर्ज दिलाय. मुलींच्या सामन्याला रोख बक्षीस, दोन्ही संघांना येण्याजाण्याचं भाडं, आणि जवळच्या शाळेची एक खोली. अर्जावर मुलींच्या सह्या आहेत. मुलांच्या संघाच्या कर्णधारालाही आम्ही विचारलं. त्याने सही केली, वर आपल्या बक्षिसातला काही वाटा द्यायची तयारी दाखवली. त्याच्या संघातले इतर अजून "बघूया" म्हणताहेत. प्रायोजकाचं उत्तर यायचंय. कमिटीची बैठक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर आहे, मी जाणार आहे, आणि गोलरक्षकाला सोबत नेणार आहे, कारण पैशांचा प्रश्न आधी तिने विचारला होता.

तुमच्या गावच्या कमिटीवर तुम्ही असाल, तर बॅनर छापायला टाकण्याआधी मला कळवा. बक्षिसाचा आकडा बसून ठरवू.