तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना मोबाईल शिकवायचा तर सुरुवात कुठून करायची?

"सर, बाबांना मोबाईल शिकवायचाय. सुरुवात कुठून करू?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच. कधी नाशिकच्या कॉलेज रोडवर सिग्नलला गाडीची काच खाली करून, कधी लग्नाच्या पंगतीत. परवा तर दाढी करताना आमच्या न्हाव्याने वस्तरा गळ्याशी धरून विचारलं. अशा वेळी माणूस खरंच उत्तर देतो. विचारणारा बहुधा पस्तीस-चाळिशीचा, घाईत असलेला, आणि मी एखादं ॲप सांगेन किंवा व्हिडिओची लिंक पाठवेन अशा आशेवर असलेला. मी सांगतो, "आधी तुमचे हात मागे घ्या."

तो हसतो. मला विनोद करायचा नसतो.

अशोकस्तंभाजवळ एक जिना चढून वर गेलं की माझा टायपिंगचा क्लास होता. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, अशी त्या काळच्या नोकरीची किल्ली घेऊन पोरं तिथून खाली उतरायची. मशीनं भंगारात गेली, टेबलं राहिली. आता त्याच टेबलांवर सकाळी अकरा ते साडेबारा साठीच्या पुढची मंडळी फोन घेऊन बसतात. नाशिकरोडहून नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेले काका येतात, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातले एक जण येतात, पंचवटीतून गंगेवरचा फेरफटका आटोपून दोघी बहिणी येतात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. वाद घालू नये.)

टायपिंग शिकवताना मी कधी विद्यार्थ्याच्या किल्ल्यांवर बोट ठेवलं नाही. मागे उभं राहायचं, आवाज ऐकायचा. चुकीची किल्ली पडली की खटक्यावरूनच कळायचं. फोन शिकवायला लागल्यावर मात्र हे सगळं विसरलो आणि घरोघरी मुलं जे करतात तेच करायला लागलो: "द्या इकडे." टक टक टक टक, "हे घ्या, झालं." चार सेकंदांत काम झालेलं असतं आणि समोरच्याला कळलेलं असतं एवढंच की काहीतरी झालं, आणि ते आपल्याला जमणारं नाही.

त्या 'द्या इकडे'ची शिक्षा मला पहिल्याच वर्षी मिळाली. दोघी बहिणींपैकी मोठीचा फोन भरला होता. सूर्योदय, गुलाब, 'शुभ सकाळ', दत्तगुरू, पुन्हा गुलाब. मी ऐटीत तीन-चारशे फोटो एका दमात उडवले. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यात आईच्या हातचा मसाल्याच्या मापाचा कागद होता, तोही गेला का हो?" पोटात गोळा आला. फोटोच्या ॲपमधला कचऱ्याचा डबा उघडला, त्यात तो कागद होता. हळदीचे डाग, कोपरा दुमडलेला. उडवलेला फोटो साधारण महिनाभर त्या डब्यात पडून असतो, बॅकअप चालू असेल तर साठ दिवस. ते मला माहीत होतं, पण त्यांना नव्हतं, आणि मधली ती दहा मिनिटं त्यांनी ज्या चेहऱ्याने काढली तो चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या फोनला हात लावत नाही. शिकवताना हात पाठीमागे बांधून उभा राहतो, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

तर हात मागे घेतले. पुढे?

पुढे बोट. या गोष्टीकडे कुणी बघतच नाही. आपल्या आई-वडिलांच्या हाताला दाबायची सवय आहे. टीव्हीचं बटण, दारावरची घंटा, सगळं दाबलं की चालतं. टाइपरायटरवर तर ठोसाच द्यावा लागायचा, नाहीतर रिबनीतून अक्षर उमटायचं नाही. फोनच्या काचेला जोराचं काही कळत नाही. तिच्यावर विजेचं अगदी सूक्ष्म जाळं पसरलेलं असतं, बोट टेकलं की तिथे जरासा फरक पडतो आणि फोन तेवढाच फरक ओळखतो. म्हणून नख चालत नाही. म्हणून उतारवयात कोरड्या, जाड झालेल्या बोटांचं ते कधीकधी ऐकत नाही, आणि डिसेंबरात इथे गारठा पडून हात फुटायला लागले की तक्रारी वाढतात. मग माणूस काय करतो? आणखी जोराने दाबतो. जोराने दाबताना बोट जास्त वेळ टेकलेलं राहतं, फोनला वाटतं हे मुद्दाम धरून ठेवलंय. चिन्हं थरथरायला लागतात, जागा सोडतात, एखादं गायब होतं. "माझा फोन बिघडला" या वाक्याने सुरू होणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

प्रेसवाल्या काकांची गंमत वेगळी. कागद मोजण्यात जन्म गेलेला, त्यामुळे फोनला हात लावण्याआधी बोट आपोआप जिभेकडे जातं. ओलं बोट लागलं की काचेवर पाण्याचा थेंब राहतो आणि फोनला भलत्याच ठिकाणी स्पर्श झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "काका, ही नोट नाही." ते म्हणाले, "सवयीला सांगा."

यावर उपाय अगदी साधा आहे. हाताला थोडं क्रीम किंवा खोबरेल चोळून नीट पुसायचं. पोळपाटावर पीठ पडलंय का बघायला बोट जितकं टेकवतो तितकंच टेकवायचं आणि उचलायचं. उचलणं महत्त्वाचं. पहिला अख्खा तास आम्ही फक्त कॅल्क्युलेटर उघडून आकडे मारतो. तिथे काही बिघडायला नसतं आणि आकडा उमटला की नाही ते लगेच दिसतं. शिवाय सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून भाग असतो, त्यात बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'धरून ठेवलं' समजायचं हे वाढवता येतं. ते वाढवा. अक्षर मोठं करा. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, आणि हे करतानाही फोन त्यांच्याच हातात असू द्या.

बोट सरावलं की दुसरा धडा: परत येणं. कुठे जायचं ते मी शिकवतच नाही, माणसं जिज्ञासेने कुठेही जातात. भीती असते ती आत अडकण्याची. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये कडेवरून बोट ओढलं की मागे येतं. तरुणांना ते छान वाटतं, पण म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही ते नसल्यासारखंच. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगच्या शोधखिडकीत 'नेव्हिगेशन' लिहा आणि खाली तीन बटणांची पट्टी आणून ठेवा. त्रिकोण किंवा बाण म्हणजे मागे, मधलं म्हणजे घरी. माझ्याकडे हा खेळच असतो: भलत्याच ठिकाणी जा, जितकं खोल जाता येईल तितकं जा, मग तीन बोटांत घरी या. दोघी बहिणी यात पैजा लावतात. आयफोनवर आणि आयपॅडवर असं मागे यायचं एकच ठरलेलं बटण नाही, वरच्या डाव्या कोपऱ्यात बाण शोधावा लागतो. मुलगा परदेशातून आयपॅड पाठवतो तेव्हा हे त्याच्या लक्षात येत नाही. टॅबच्या बाबतीत आणखी एक: पडदा मोठा म्हणून वाचायला, व्हिडिओ कॉलला उत्तम, पण त्यात सिम नसेल तर बँकेचा ओटीपी फोनवरच येणार. "टॅब घेतला, आता जुना फोन देऊन टाकतो" म्हणणाऱ्या एचएएलच्या काकांना मी वेळेत अडवलं.

मराठी टायपिंगबद्दल मी थोडा जास्त बोलणार, सवयीचा परिणाम. जुन्या टायपिस्टना फोनवर हमखास एक अडचण येते. मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे पडते. फोनवर क्रम उलटा: आधी अक्षर, मग वेलांटी, म्हणजे बोलताना जसं येतं तसं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या एक बाई, चाळीसच्या स्पीडच्या, 'किती' लिहायला बसल्या आणि पडद्यावर ठिपक्यांचं गोल वर्तुळ आणि त्याला चिकटलेली पोरकी वेलांटी उमटली. त्या फोनकडे असं बघत होत्या की जणू त्यानेच व्याकरण चुकवलंय. मी काही बोललो नाही. तिसऱ्या प्रयत्नाला त्यांनी 'क' आधी मारला आणि म्हणाल्या, "अरे, हा उच्चाराप्रमाणे लिहितोय!" बरोबर. ज्ञ हवा तर ज, पाय मोडायचा, ञ. क्ष हवा तर क, पाय मोडायचा, ष. ज्यांनी आयुष्यात टायपिंग केलं नाही त्यांना मी हे काहीच सांगत नाही, कीबोर्डवरचा माइक दाखवतो. मराठी बरीच नीट उमटते, नुसतं मिक्सर चालू नसताना बोलावं.

पैशांचा धडा मी उशिरा घेतो, कारण मुलं तो सगळ्यात आधी घेतात. वडिलांना अजून परत यायचं कळलेलं नसतं आणि त्यांच्या बँक खात्याला यूपीआय जोडून दिलेलं असतं. आमच्याकडे एक रुपयाचा सराव आहे. टेबलाच्या या बाजूचे त्या बाजूला एक रुपया पाठवतात, ते परत पाठवतात. वीसेक वेळा झाला की एक गोष्ट बोटांत मुरते: पिन टाकला तो पाठवणाऱ्याने, ज्याला पैसे आले त्याने काही टाकलं नाही. पुढे कधी कुणी फोनवर म्हणालं, "काका, पैसे पाठवलेत, मिळायला फक्त पिन टाका," तर ऐकणाऱ्याला ते चुकीचं आहे हे आठवावं लागत नाही, ते विचित्रच वाटतं. 'लग्नपत्रिका' म्हणून एखादी फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये घुसणारं ॲप आहे. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, नाचणाऱ्या गणपतीचा व्हिडिओ असते. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या कपड्यातला माणूस 'डिजिटल अटक' म्हणाला तर फोन ठेवायचा, कायद्यात असली अटक नाही. आणि पैसे गेलेच तर मुलगा ओरडेल म्हणून दोन दिवस लपवून ठेवायचं नाही, लगेच १९३० ला फोन लावायचा. मी तो नंबर फळ्यावर लिहून ठेवलाय, पुसू देत नाही. लपवण्याचं कारण तुम्ही आहात हे मात्र मी मुलांना तोंडावर सांगतो.

नोव्हेंबर आला की क्लासला गर्दी, कारण पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला. २०१४ साली 'जीवन प्रमाण' हा ऑनलाइन दाखला सुरू झाला तेव्हा अंगठ्याचं यंत्र लागायचं आणि झिजलेले ठसे उमटायचे नाहीत. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला निघतो. फोन सांगतो, डोळे मिचकवा. ज्यांनी तोपर्यंत कुणाकडे बघून डोळा मिचकावला नाही असे सज्जन गृहस्थ फोनकडे बघून मिचकवत बसतात. हसू आवरत नाही, पण जिवंत असल्याचा पुरावा घरबसल्या देता येतो हे ज्याने पूर्वी रांग लावली आहे त्यालाच कळेल.

वहीबद्दल मुलं हसतात. हसू देत. पायऱ्या ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. फक्त 'वरती उजवीकडे तीन टिंबं' असं लिहू नका, ॲप बदललं की टिंबं जागा सोडतात. 'फोटो पाठवण्यासाठी पेपरक्लिपचं चित्र शोधायचं' असं लिहा.

परीक्षा बुधवारी असते, गंगेवरच्या बाजारात. प्रत्येकाने वीस रुपयांची भाजी कोड स्कॅन करून घ्यायची, मी दहा पावलं लांब, हात पाठीमागे. गेल्या महिन्यात प्रेसवाले काका गेले. कोड समोर धरला, एकदा हलला, परत धरला. मागे दोन बायका खोळंबल्या, एक म्हणाली, "द्या बाबा, मी करते." काकांनी फोन छातीशी धरला. म्हणाले, "नको. वेळ लागेल." आकडा टाकला, विक्रेत्याचं नाव मोठ्याने वाचून त्याच्याकडून खात्री करून घेतली, पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा केला. पैसे आल्याचं पेटीवरचं डबडं बोललं. मग त्रिकोण, त्रिकोण, घरी. फोन खिशात घालून ते माझ्याकडे आले ते बोट न चाटता.

कोथिंबीर तिथेच राहिली होती.