फेब्रुवारीत चंडीगड, ऑगस्टमध्ये ऑर्डर

गुलाबाची रोपं मागवायची म्हटलं की आपण आधी मोबाइलवर फोटो बघतो. फोटोत नुसतं फूल असतं, तेही ऐन उमललेलं आणि वर पाणी शिंपडलेलं. झाड किती उंच जातं, खालची पानं टिकतात का, तिसऱ्या दिवशी फुलाचा रंग कसा होतो, यातलं काहीच त्यात कळत नाही. म्हणून या खेपेला झाडं आधी डोळ्यांनी बघायची आणि यादी मग करायची, असं ठरवून आम्ही दोघं फेब्रुवारीत चंडीगडला गेलो. शहर बघणं हे जोडीला.

सेक्टर १६ मधलं झाकिर हुसेन रोझ गार्डन १९६७ सालचं. चंडीगडचे त्या वेळचे मुख्य आयुक्त डॉ. एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं, आणि नाव दिलं ते तेव्हाच्या राष्ट्रपतींचं. डॉ. झाकिर हुसेन स्वतः गुलाबवेडे, त्यामुळे नाव शोभतंही. सुमारे तीस एकरांचा पसारा आहे. मधून मधून बेल, बेहडा, हिरडा, कापूर अशी झाडंही लावली आहेत, पण गुलाब बघायला आलेला माणूस तिकडे फारसा वळत नाही. आम्हीही वळलो नाही.

दिल्लीहून सकाळच्या शताब्दीने साधारण साडेतीन तासांत चंडीगड येतं. स्टेशन शहराच्या एका टोकाला आहे, तिथून रिक्षा करावी लागते. मुक्काम सेक्टर १७ किंवा २२ च्या आसपास ठेवलात तर बागेपर्यंत पायी जाता येतं. सेक्टर १७ आणि बाग यांच्यामध्ये फक्त जन मार्ग आहे. फेब्रुवारीतही सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर विसरू नका.

याच सुमारास तिथे रोझ फेस्टिव्हल भरतो. मजा बघायची असेल तर त्यात जा. झाडं निवडायची असतील तर मुळीच जाऊ नका. गर्दी, गाणी, खाण्याचे स्टॉल आणि प्रत्येक ताटव्यापुढे सेल्फी; झाडाजवळ दोन मिनिटं शांत उभं राहता येत नाही. फेस्टिव्हलचे दिवस टाळून, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर पोचा. वासाची पारखही तेव्हाच होते. अर्धवट उमललेलं फूल सकाळी हुंगायचं. ऊन चढलं की बराचसा वास उडून जातो, आणि मग एखाद्या चांगल्या जातीला उगाच नापास केलं जातं.

आता बघायचं काय? सगळ्यात आधी फुलाखाली. ऑक्टोबरात छाटलेलं झाड फेब्रुवारीत भरात असतं, तेव्हा गुडघ्याच्या उंचीवर नजर नेली की त्याची सगळी कुंडली समोर येते. खालच्या काड्या उघड्या पडल्या आहेत का? पानांवर कडा फाटल्यासारखे काळे ठिपके आहेत का? कोवळी पानं चुरगळून त्यांच्यावर पांढरी भुरी बसली आहे का? 'पापा मेयाँ'च्या एका झाडापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. काळपट लाल, मखमली फूल, वास असा की पुढे पाय निघेना. पण त्याच फांदीवरचं शेंड्याचं पान उलटून पाहिलं तर कडा आत वळलेल्या, पाठीवर पिठासारखा थर, आणि कळीच्या देठालाही तोच. भुरीच्या बाबतीत ही जात तशी बदनामच आहे. यादीतून नाव काटलं. नवरा अजूनही कुरकुरतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा सार्वजनिक बागेत फवारणी वेळच्या वेळी होते. त्यामुळे तिथे निरोगी दिसणारं झाड आपल्या अंगणात तसंच राहील याची खात्री नाही. उलट मात्र हमखास खरं: एवढी निगा असूनही जे झाड तिथे रोगट दिसतं, ते आपल्याकडे नक्कीच रडवणार. म्हणून ही फेरी जाती पसंत करण्यापेक्षा जाती गाळण्यासाठी जास्त कामाची आहे.

दुसरं म्हणजे उंची. 'क्वीन एलिझाबेथ' फोटोत गोड गुलाबी दिसतो, पण समोर उभं राहिलं की मान वर करावी लागते. कुंपणाच्या मागच्या रांगेला उत्तम, गॅलरीतल्या कुंडीला अजिबात नाही. कुंड्यांसाठी आम्हाला फ्लोरिबंडा जाती जास्त पटल्या. झुपकेदार, बुटक्या, आणि एक फूल गळलं तरी चार उरतात. त्यात 'आइसबर्ग' मला सगळ्यात भरवशाचा वाटला. १९५८ पासून जगभर लावला जाणारा हा पांढरा गुलाब थंडीत कळीला गुलाबी झाक दाखवतो. आम्ही पाहिला तेव्हा ती होती. उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली तर चुकीचं रोप आलं असं समजू नका. 'डबल डिलाइट'चंही असंच. मलईच्या रंगाच्या पाकळ्यांवर चढणारी लाली उन्हामुळे येते. एकाच ताटव्यात उन्हातली फुलं लालभडक होती आणि झाडाच्या सावलीतली जवळजवळ फिकट. तुमच्या जागी सहा तास थेट ऊन नसेल तर फोटोतला 'डबल डिलाइट' तुम्हाला दिसणारच नाही.

फोटो काढताना क्रम पाळा: आधी नावाची पाटी, मग अख्खं झाड, मग खालची पानं आणि शेवटी फूल. पाट्या कधी कधी हललेल्या असतात, म्हणून एकाच ताटव्यातली दोन-तीन झाडं एकमेकांशी ताडून बघा. नावांचा घोळ पुढे ऑर्डर देतानाही होतो. 'सुपर स्टार' आणि 'ट्रॉपिकाना' ही एकाच गुलाबाची नावं. 'पीस'चं मूळ फ्रेंच नाव 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत तोच 'ग्लोरिया देई'. दोन नावांनी एकच रोप दोनदा मागवलं जाऊ शकतं. नव्या जातींना पैदासकाराचं सांकेतिक नाव असतं, ते मिळालं तर टिपून ठेवा. 'कॉर'ने सुरू होणारं कॉर्डेसचं, 'मेय'ने सुरू होणारं मेयाँचं.

परदेशी नावांच्या गर्दीत आपले गुलाब बघायचे राहू नयेत. गव्हावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल गुलाबाचेही पैदासकार होते. 'दिल्ली प्रिन्सेस', 'रोझ शरबत', चॉकलेटी छटेचा 'मोहिनी' हे त्यांचे. इथल्या उन्हात निवडलेल्या जाती म्हणून मी त्यांना झुकतं माप देते. मिळायला मात्र शोधावं लागतं.

बाग बघून झाली की रोपं तिथूनच उचलून न्यायचा मोह होतो. टाळा. थंडीत वाढलेलं, मुळं मोकळी केलेलं रोप प्रवास करून मार्चच्या उन्हात लावायचं म्हणजे त्याचा छळ. फेब्रुवारीत बघायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात नोंदवायचं आणि पाऊस ओसरल्यावर लावायचं, हे वेळापत्रक आम्हाला पटलं. मधल्या महिन्यांत यादीही आपोआप आटोक्यात येते. एप्रिलमध्ये जे नाव आठवत नाही ते बहुधा नको असतं.

नोंदवताना नर्सरीला विचारायचे प्रश्न मोजकेच. रोप डोळा भरून (हव्या जातीचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या बुंध्यावर बसवून) केलेलं आहे की छाट कलमाचं, म्हणजे नुसती काडी रुजवलेलं? खुंट, म्हणजे तो खालचा मुळांचा गुलाब, कोणता? डोळा भरून किती महिने झाले? जोडाच्या, म्हणजे डोळा खुंटाला जुळतो त्या गाठीच्या, वर किमान दोन-तीन जोमदार काड्या आहेत का? फोटो मागा, पण फुलाचा नको, जोडाचा आणि बुंध्याचा. चांगला नर्सरीवाला तो आनंदाने पाठवतो. जो फक्त फुलांचे फोटो पाठवत राहतो त्याच्याकडून आम्ही घेतलं नाही. आणि निळ्या गुलाबाचं रोप किंवा 'इंद्रधनुषी गुलाबाच्या बिया' असं काही दिसलं तर सरळ पुढे जा. जपानमध्ये सनटोरी कंपनीने २००९ साली जनुकीय बदल करून जो निळा गुलाब विक्रीला आणला, तोही खरं तर जांभळट आहे.

पार्सल आलं की घाई नको. प्रवासात पानं पिवळी पडून गळतात, ते चालतं. काडी हिरवी असली की झालं. नखाने साल किंचित खरवडून बघा. रोप चार-पाच दिवस सावलीत, त्याच्याच पिशवीत ठेवा, मग लावा. उष्ण हवेत जोड मातीच्या दोन इंच वर राहू द्या. नवी फूट दिसेपर्यंत खत बंद. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, कारण काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान निदान सात तास ओलं लागतं. संध्याकाळी झारीने भिजवलेलं झाड तिला ते आयतं देतं. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा. एका देठावरच्या सात पानांवरून तो ओळखा असं सगळे सांगतात, पण चांगल्या कलमालाही सात पानं येतात, म्हणून माती उकरून फुटवा कुठून निघालाय ते बघा. खालून असेल तर कात्रीने न कापता मुळापासून ओढून काढा, नाहीतर तिथूनच पुन्हा फुटतो.