ट्रॅव्हलरच्या फ्लोअरखाली काय काय मावतं: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. तिथून बागमांडला–वेसवी फेरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, सावित्री ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णे. मग दाभोळ–धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडून गुहागर, हेदवी. शेवटी तवसाळ–जयगड फेरीने शास्त्रीची खाडी ओलांडून मालगुंड आणि गणपतीपुळे, आणि परत येताना आंबा घाट. हा रस्ता मोटारीने बरेच जण करतात. आम्ही तो कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करून घेतलेल्या जुन्या फोर्स ट्रॅव्हलरने केला. आई, बायको आणि मी, म्हणजे तीन माणसांचं सामान. त्यामुळे इथे देवळं आणि किनारे कमी, गाडीचं फ्लोअर जास्त. देवळांवर लिहिणारे भरपूर आहेत.

ट्रॅव्हलर 1987 पासून रस्त्यावर आहे, मूळ घडण मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरची. तालुक्याच्या गावचा मेकॅनिकसुद्धा ती डोळे मिटून खोलतो, हा कोकणात मोठा आधार. इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, त्यामुळे पत्र्याखालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा, जातो आणि फ्लोअर रस्त्यापासून चांगलंच उंच राहतं. पॅसेंजर मॉडेलमध्ये डाव्या दारातून आत चढायला पायऱ्यांचा खड्डा असतो. मागच्या चाकांचे डबे आत घुसलेले असतात. गाडी कॅम्पर करताना बहुतेक जण या दोन्हींना अडचण समजतात आणि वर कपाटं ठोकत सुटतात. भरलेली कपाटं वर गेली की गाडी घाटात डुलते. जड सामान खालीच हवं, आणि खाली जागा आहे.

पायऱ्यांच्या खड्ड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्या गाडीत सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. चालत्या गाडीत दार बंद असतं, तेव्हा तो खड्डा नुसता पडून असतो. आम्ही त्यावर सहा सूत प्लायवूडचं झाकण बसवलं, बिजागऱ्या किचनच्या बाजूला. झाकण पाडलं की ओट्यासमोर उभं राहायला सपाट जमीन मिळते, आणि खाली जुन्या वाड्यातल्या धान्याच्या पेवासारखी सव्वा फूट खोल जागा. चपला, बूट, ओले टॉवेल, पाण्याचा एक कॅन, सगळं तिथे. मुख्य फायदा असा की दार उघडलं की हे सामान बाहेरूनच काढता येतं. हर्णेच्या बंदरावर लिलाव बघून आल्यावर पायांना काय काय लागलेलं असतं ते गेलेल्यांना ठाऊक आहे. त्या चपला गाडीत येतच नाहीत, खाली उभं राहून तशाच खड्ड्यात टाकायच्या.

मात्र तीन गोष्टी केल्याशिवाय हे झाकण बसवू नका. झाकण उघडल्यावर ते भिंतीला कडीने अडकलं पाहिजे. म्हातारं माणूस पायऱ्या चढत असताना ते डोक्यावर पडता कामा नये. झाकणाच्या कडेला रेडियमची पट्टी लावा, कारण रात्री झोपेत कोणी दार उघडून पाऊल टाकलं, तर जिथे पायरीची अपेक्षा असते तिथे थेट रस्ता असतो. आमच्याकडे नियम आहे, झोपताना झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे पायऱ्या मोकळ्या आणि बाहेर पडायची वाटही. तिसरं म्हणजे खड्ड्याच्या तळाला पाणी जायला भोक. पायऱ्यांवरून येणारं पाणी आणि रेती तळाशी साचतात, आणि खाऱ्या रेतीखाली पत्रा किती लवकर सडतो हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही एसटीच्या पायरीकडे बघून कळेल. आम्ही तळाला रबरी जाळीची मॅट टाकली आहे. ती उचलून झटकली की झालं.

दुसरी जागा मागची. चाकांच्या दोन डब्यांच्या मध्ये दीड इंची चौकोनी पाइपची चौकट केली आणि त्यावर प्लाय टाकून दुसरं फ्लोअर उचललं. उंची पाच इंच. हे फक्त पलंगाखाली. जिथे उभं राहायचं तिथे फ्लोअर एक इंचही उचलू नका; उंच छताच्या गाडीतसुद्धा इन्सुलेशन आणि छताची पॅनेल लागल्यावर डोक्यावर जेमतेम राहतं. पाच इंच ऐकायला कमी वाटतं, पण घडीचं टेबल, खुर्च्या, ताडपत्री, चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरी, जॅक आणि टॉमी या सगळ्या चपट्या वस्तू आहेत. त्या मागच्या दारातून लांब ड्रॉवरसारख्या ओढता येतात. ड्रॉवरला जड वजनाचे चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) घ्या आणि बाहेरून कोयंडा लावा. चॅनेलच्या आतल्या अडकणीवर भरवसा ठेवला, तर ताम्हिणीच्या पहिल्या चढालाच ड्रॉवर मागच्या दारावर आदळतो.

आता फेरीचा मुद्दा. बागमांडल्याला बोटीवर गाड्या एकमेकींना खेटून लावतात. मागच्या दारापाशी बोलेरो उभी राहिली की मागचं सगळं सामान पलीकडच्या काठापर्यंत गेलं असं समजा. आईची औषधं आणि स्वेटर मागच्या चौकटीत वरून उघडणाऱ्या कप्प्यात होते, गादीखाली. ते काढायचे तर गादी उचला, गादीवरचं पांघरूण उचला, पांघरुणावर बसलेली आई उचला. वेसवीला उतरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे औषधं, पाणी, कोरडा खाऊ आणि टॉर्च पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पेटीत हलवले. कप्पा ठरवताना त्यात किती मावतं याआधी तो उघडायला काय काय हलवावं लागेल ते बघा. नुसता हात घालून निघेल ते रोजचं. गादी उचलावी लागेल ते आठवड्याचं. गाडी रिकामी करावी लागेल ते फक्त स्पेअर फॅनबेल्टसारखं, ज्याची गरज पडू नये असं वाटतं ते.

फेरीने आणखी एक गोष्ट शिकवली, ती गाडीच्या पोटाबद्दल. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार बदलतो. ओहोटीला बोट खाली जाते, धक्का वर राहतो, आणि लांब शेपटाची ट्रॅव्हलर रॅम्पवर मागून टेकते. बरेच फॅब्रिकेटर मागच्या चाकांच्या मागे चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, पत्र्याची पेटी लटकवून देतात, "साहेब, फुकटची जागा आहे." फुकट नाही. दाभोळला आमच्या पुढे असलेल्या एका कॅम्परची तशी पेटी रॅम्पला घासली आणि झाकण दुमडलं. खाली पेटी लावायचीच असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, बाजूला लावा आणि चेसिसच्या खालच्या पातळीपेक्षा खाली येऊ देऊ नका. बोटीवरचा माणूस अनेकदा "दादा, मागून घ्या" म्हणतो, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवायचं. तेव्हा आतल्या माणसांना उतरवा, गाडी तेवढीच हलकी होते. भरतीच्या आसपासची फेरी मिळाली तर उत्तम. वेळा आदल्या संध्याकाळी गावात विचारून ठेवा.

फ्लोअरला भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्या आणि खाली झोपून बघा. ब्रेकचे पाइप, डिझेलची टाकी, वायरिंग, शाफ्ट आणि सायलेन्सर यांच्या जागा खडूने वरच्या पत्र्यावर उतरवा. सायलेन्सरच्या वर जिथे पत्रा तापतो तिथे बॅटरी नको, खाण्याच्या वस्तूही नकोत. स्टेपनी मागे खाली लटकलेली असते. ती उतरायला जागा ठेवा. पाण्याची टाकी स्टेपनीच्या वाटेत आली, तर पंक्चर झाल्यावर आधी टाकी रिकामी करत बसावं लागेल.

आमची पाण्याची टाकी साठ लिटरची आहे, म्हणजे भरल्यावर साठ किलो. ती फ्लोअरवर, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, डाव्या भिंतीला लागून, पट्ट्यांनी बांधलेली. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर, म्हणजे 1280 वॅट-अवर. शिशाच्या बॅटरीपेक्षा वजन निम्म्याहून कमी, म्हणून ती सीटखाली बसली. शिशाची असेल तर चार्जिंगला हायड्रोजन निघतो; तिला बंद कप्प्यात कोंबू नका, बाहेर नळी द्या.

गॅस सिलिंडर फ्लोअरखालच्या कप्प्यात ठेवायचा मोह होतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाला जाऊन बसतो, आणि बंद तळघरासारखा कप्पा म्हणजे त्याला आयती जागा. पाच किलोचा छोटा सिलिंडर आमच्याकडे वेगळ्या पेटीत आहे. ती गाडीच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद, फक्त बाहेरून उघडणारी, आणि तळाला थेट रस्त्याकडे जाणारं भोक. फेरीवर चढण्याआधी रेग्युलेटर बंद. यात तडजोड नाही.

केळशी ते आंजर्ले रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती), वरून फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. समोरून डंपर आला तर कोणाला तरी बरंच मागे जावं लागतं, आणि तो डंपर नसतो. इथे मुक्कामाला घराच्या अंगणात गाडी लावू देणारे बरेच भेटतात. दोनशे पावलं चाललात तरी चालेल, पण नारळाखाली गाडी लावू नका. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, तर अजिबात नेऊ नका. एवढं वजन वाळूत रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

हेदवीला दशभुज गणपती आणि भरतीच्या वेळी बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली भेग, बघा. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, गणपतीपुळ्याच्या गर्दीआधी तिथे निवांत वेळ काढता येतो. याहून जास्त सांगत नाही.

साहित्याचं थोडक्यात. प्लाय आयएस 710 चा, म्हणजे मरीन; साध्या आयएस 303 वर चार पैसे वाचतात आणि किनाऱ्याच्या दमट हवेत कडा फुगतात. कापलेल्या कडांना आणि भोकांच्या आतल्या बाजूलाही वॉर्निश मारा, ओल तिथूनच शिरते. स्क्रू स्टेनलेसचे. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाला रेड ऑक्साइड आणि वरून पीयू सीलंट. झाकणांना उचलायला बाहेर आलेला कडा नको, रात्री पायाला लागतो. भोकात बोट घालून उचलायची सोय करा. कप्प्यांत खाणं ठेवलंत तर घट्ट झाकणाच्या डब्यातच, कारण कोकणातल्या मुंग्या रबर बीडिंगला जुमानत नाहीत.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस-124 हे मानक आहे. जुनी पॅसेंजर गाडी घेण्याआधीच आरटीओत जाऊन ती खासगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदवता येईल का ते विचारा. चेसिसला वेल्डिंग तर कधीच करू देऊ नका. आमच्या सगळ्या चौकटी नटबोल्टवर आहेत आणि दिवसभरात उतरवता येतात.

आंबा घाट चढून मलकापूरला आलात की पहिल्या वॉशिंग सेंटरवर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवून घ्या. पायऱ्यांच्या खड्ड्याच्या भोकातून उलटा फवारा मारायला सांगा, अडकलेली रेती निघते. घरी आल्यावर फ्लोअरची सगळी झाकणं उघडी टाकून गाडी दिवसभर उन्हात ठेवा आणि बिजागऱ्यांना तेल द्या.